कुसळ काढायची रीत

छत्तीस वर्षं मी डोळ्यांच्या वॉर्डात सिस्टर होते. नगर जिल्ह्यातला दवाखाना, चहूबाजूंनी ज्वारी-बाजरीचं रान. मळणीचे दिवस आले की ओपीडीच्या बाकावर पाच-सहा जण तरी एक डोळा पदराने नाहीतर टॉवेलाने दाबून बसलेले असायचे. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये बायबलातला मत्तयाचा सातवा अध्याय निघाला आणि 'आपल्या डोळ्यातले मुसळ ध्यानात न आणता भावाच्या डोळ्यातले कुसळ का पाहतोस' हे वाचलं गेलं की बाकीची मंडळी गालात हसतात आणि माझी बोटं आपोआप कापसाची काडी शोधायला लागतात.

कुसळ म्हणजे काय हे शहरात वाढलेल्यांना सांगावं लागतं. कणसाचं किंवा गवताचं टोकदार केसासारखं तूस. त्याला बारीक उलटे दाते असतात, म्हणून ते आत जातं पण बाहेर येत नाही. धोतरात शिरलं तर चालणाऱ्याला हैराण करतं, मग डोळ्यात गेलं तर काय होत असेल. आपल्या भाषांतरकारांनी कुसळाला मुसळ जोडून दिलं आणि ते वचन मराठीत म्हणीसारखं बसलं. मूळ ग्रीकमध्ये यमक नाही. तिथे एक वाळकी काडी किंवा ढलपी आहे आणि दुसरी छपराची तुळई. पण त्यात एक गंमत आहे जी मराठीत थोडी निसटते: काडी आणि तुळई एकाच जातीच्या, दोन्ही लाकूडच. हे बोलणारा येशूही सुताराच्या घरातला. दुसऱ्याची जी गोष्ट आपल्याला फार टोचते, तिच्याच जातीचं काहीतरी आपल्याकडे मोठ्या मापात पडलेलं असतं, असं मी त्यातून घेते. नेहमीच असतं असं नाही. पण शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

लोक या उताऱ्यातलं पहिलंच वाक्य उचलतात, 'कोणाचा न्याय करू नका', आणि भांड्यावर झाकण ठेवावं तसं ते वापरतात. कोणी काही बोललं की झाकण. हे मला पटत नाही. पाचव्या वचनापर्यंत वाचा. 'अरे ढोंग्या, पहिल्याने' आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. म्हणजे भावाचं कुसळ काढायचंच आहे. ते डोळ्यात राहिलं तर काय होतं ते मी पाहिलंय: बुबुळावर पांढरा ठिपका पडतो, बुरशी धरते, दोन आठवड्यांत नजर जाते. तेव्हा 'मला काय करायचंय' म्हणणं ही प्रीती नव्हे. येशूने फक्त क्रम लावून दिला आहे, आणि ही सगळी रीत त्या 'पहिल्याने' या एका शब्दाची आहे.

आमच्या भागात पूर्वी गावोगाव एखादी म्हातारी असायची जी डोळ्यातलं कुसळ जिभेने काढायची. पापणी वर करून जिभेचं टोक आत फिरवायचं. हेतू अगदी चांगला, पैसे घेत नसत. कुसळ निघायचंही पुष्कळदा. पण तोंडातली घाण त्या ओरखड्यात जायची आणि चौथ्या दिवशी तो माणूस आमच्या बाकावर. मी त्या म्हाताऱ्यांना मनातून नावं ठेवायची. नंतर कधीतरी लक्षात आलं की मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, आम्ही दुसरं काय करतो? आम्हीही एकमेकांची कुसळं जिभेनेच काढतो.

आता माझीच गोष्ट सांगते, म्हणजे रीत कळेल. निवृत्त झाल्यावर मी मंडळीच्या हिशेब तपासणीत होते. खजिनदार एक तरुण मुलगी, माझ्या पुतणीच्या वयाची. सुगीच्या उपकारस्तुतीनंतर, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या उपासनेनंतर, आमच्याकडे लिलाव होतो. लोक शेतातलं, घरातलं आणतात: भोपळा, अंडी, कोंबडी, उसाची मोळी. बोली चढत जाते, साध्या भोपळ्याला पाचशे येतात, सगळे टाळ्या वाजवतात. त्या वर्षीच्या वहीत मला एक नोंद दिसली. मांडव, किरकोळ, 340 रुपये. पावती नाही. आणि त्या वर्षी मांडव घातलाच नव्हता, लिलाव देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, ओसरीत झाला होता.

मी काय केलं? भगिनी मंडळाच्या प्रार्थनासभेत तो 'प्रार्थनेचा विषय' म्हणून ठेवला. नाव न घेता. "आपल्यातली एक बहीण पैशाच्या मोहात पडली आहे, तिच्यासाठी भार घ्या." नाव घ्यायची गरजच नव्हती, खजिनदार एकच होती. चहा होईपर्यंत तिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं आणि तिघींना मी सांगितलं. ज्यांना ख्रिस्ती मंडळ्या माहीत आहेत त्यांना हा प्रकार नवा नाही. जिभेने कुसळ काढायची ही आमची खास पद्धत, वर आमेन लावलेली.

त्यानंतरच्या आठवड्यात जे मी करायला शिकले, ते खाली देते. काही गोष्टी वॉर्डातल्या आहेत, काही शास्त्रातल्या म्हणजे बायबलातल्या, एक एका कॅथलिक नर्सिंग सिस्टरकडून उचललेली.

सर्वांत आधी, हे प्रकरण आपल्याकडे आहे का ते बघा. लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. उत्तर मिळतं की मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? स्वतः प्रभूने जे प्रकरण हातात घेतलं नाही, तसली प्रकरणं आपण रोज चार घेतो. शेजारणीच्या सुनेचे कपडे, पाळकसाहेबांच्या (आमच्या धर्मगुरूंच्या) मुलाचं शिक्षण, कोण कमाईचा किती दशांश चर्चला देतं. यातलं बहुतेक तुमच्या ओपीडीतलं नाही. केसपेपर काढू नका. माझ्या बाबतीत वही तपासणं हे माझं काम होतं, म्हणून प्रकरण माझं होतं. प्रार्थनासभेचं मात्र नव्हतं.

मग वाक्य कागदावर लिहा. मनातल्या मनात नको, कागदावर. जे बोलायचा मोह होतोय ते जसंच्या तसं. माझं वाक्य होतं: 'तिने मंडळीचे पैसे खाल्ले.' आता त्याला वॉर्डचा नियम लावा. आम्हाला शिकवलं होतं की नर्सेस नोट्समध्ये दिसेल तेवढंच लिहायचं. 'पेशंट दारू पिऊन आला' असं लिहायचं नाही. 'तोंडाला वास, चाल अडखळती' एवढंच लिहायचं. दारूसारखा वास आणि अडखळती चाल साखर वाढलेल्यालाही असू शकते. तर मी काय पाहिलं होतं? एक नोंद, पावती नाही, मांडव नाही. खाल्लेले पैसे मी पाहिले नव्हते. वाक्य खोडून दुसरं लिहिलं: 'तिने हिशेबात खोटा आकडा घातला आणि खाली सही केली.' हे खरं होतं, आणि पुरेसं गंभीर होतं. आत्मपरीक्षण म्हणजे समोरच्याचा दोष पुसून टाकणं असं काही जण समजतात. तसं नाही. दोष आहे तेवढाच ठेवायचा, एक तोळाही वाढवायचा नाही.

पुढची पायरी मला सर्वांत जड गेली. त्याच वाक्यात कर्ता बदला. हे नाथान संदेष्ट्याकडून घेतलंय. दावीद राजाने आपल्या सैनिकाची, उरीयाची, बायको घेतली, उरीयाला लढाईत मरायला पाठवलं, आणि कित्येक महिने राजा म्हणून लोकांचे न्यायनिवाडे करत बसला. नाथानाने त्याला एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. एकच मेंढी, घरात वाढलेली, त्याच्या ताटातलं खाणारी, आणि श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद भडकला. हा माणूस मेलाच पाहिजे, चौपट भरपाई दिली पाहिजे. तेव्हा नाथान म्हणाला, 'तो मनुष्य तूच आहेस.' (दुसरं शमुवेल, बारावा अध्याय.) दाविदाची न्यायबुद्धी मेली नव्हती बरं का. भरपाईचा आकडासुद्धा त्याला नियमशास्त्रातला बरोबर आठवत होता. फक्त दिवा दुसरीकडे धरलेला होता. आपला राग केवढा आहे ते बघा. प्रकरणापेक्षा मोठा असेल तर नाथान दारात आलाय असं समजा.

मी लिहिलं: 'मी ______ मध्ये खोटा आकडा घातला आणि खाली सही केली.' रिकामी जागा सोडली. दोन रात्री काही सुचलं नाही. मी पैशाला चोख आहे, कधी कोणाचा रुपया ठेवला नाही, हेच मनात येत राहिलं. या जागी बरेच जण थांबतात, आपण तसे नाही याची खात्री झाली म्हणून प्रसन्न होऊन झोपतात. थांबू नका, कारण आपलं मुसळ आपण शोधायचं म्हटलं तर आपला हात नेमका त्याला टाळून फिरतो. म्हणून 139 वं स्तोत्र: 'हे देवा, माझी झडती घे.' झडती हा शब्द मला फार आवडतो. झडती दुसरा घेतो. आपण हात वर करून उभं राहायचं. आणि त्या स्तोत्रात त्याच्या आधी काय आहे ते वाचलंय का? शेवटची दोन वचनं सगळे पाठ म्हणतात, त्याआधीची चार कोणी म्हणत नाही. तिथे स्तोत्र रचणारा दुर्जनांवर पेटलेला आहे, देवा त्यांना मारून टाक म्हणतोय, त्यांचा मी पुरेपूर द्वेष करतो म्हणतोय. आणि त्याच दमात: माझी झडती घे. म्हणजे राग शांत झाल्यावर, मन स्वच्छ झाल्यावर करायची ही प्रार्थना नाही. रागात असतानाच करायची.

तिसऱ्या रात्री माझी रिकामी जागा भरली. 1983 किंवा 84 असेल. तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पेशंटला दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवून ठेवत. रात्रपाळीला मी एकटी, बेड चोवीस. रात्री दोनचं टेंपरेचर सगळ्यांचं घ्यायचं असे. मी थकलेली असायची, पेशंट झोपलेले असायचे, आणि मी चार्टवर ओळीने लिहून टाकायची: 98.4, 98.4, 98.6, 98.4. मध्येच 98.6 कशाला, तर खरं वाटावं म्हणून. खाली सही. एकदा नव्हे, महिनोन्‌महिने. एका रात्री नऊ नंबरच्या म्हाताऱ्याच्या चार्टवर 98.4 लिहिलं आणि सकाळी तो तापाने फणफणलेला निघाला. पुढे तो बरा झाला. मी कोणाला काही बोलले नाही.

340 रुपये आणि एक ताप. मुसळ कुठलं ते सांगायला नको.

इथे एक खड्डा आहे, तो दाखवून ठेवते कारण मी त्यात पडले. मुसळ सापडलं की एक विचित्र समाधान होतं. आपण किती नम्र, किती प्रामाणिक. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, देवाचे आभार मानतो की मी त्या पापी जकातदारासारखा नाही. आपण तो उतारा वाचतो आणि मनात म्हणतो, देवा तुझे आभार, मी त्या परूश्यासारखी नाही! झालं, आलो परत तिथेच. यावर मला एकच उपाय सापडला: सापडलेल्या गोष्टीचं वर्णन करत बसायचं नाही, तिचं काहीतरी करायचं. देवापुढे कबूल करायची, ज्याचं देणं आहे त्याला द्यायचं, किंवा एका माणसाला सांगायचं.

आता ती कॅथलिक सिस्टरकडून उचललेली गोष्ट. आम्ही दोघी एकाच बॅचच्या. ती खिशात एक छोटी वही ठेवायची, त्यात आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला दोन रेघा, आणि रेघांवर टिंबं. मला वाटायचं इंजेक्शनांचा हिशेब असेल. ती पद्धत लोयोलाच्या इग्नाती संताची, सोळाव्या शतकातली. त्याच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला पोपने 1548 मध्ये मान्यता दिली, त्यात ती आहे. सगळे दोष एकदम धरायचे नाहीत, एकच धरायचा. तो घडला की छातीला हात लावायचा, चारचौघांतही कोणाच्या लक्षात येत नाही. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर आठवून जितक्यांदा घडला तितकी टिंबं द्यायची. आम्ही प्रोटेस्टंट असल्या गोष्टींना जरा बिचकतो, कर्मकांड वाटतं. मी 'पाठीमागे बोलणे' हा एकच दोष धरून दोन महिने टिंबं दिली. पहिल्या मंगळवारी दुपारपर्यंत अकरा. अकरा! आणि मी स्वतःला मितभाषी समजत होते.

रोज हे करणं जमत नसेल तर प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, रविवार धरा. करिंथकरांना पौल लिहितो की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. आमच्याकडे महिन्याचा पहिला रविवार असतो. शनिवारी रात्री वीस मिनिटं, कागद आणि पेन घेऊन. ज्याच्याबद्दल गेल्या महिन्यात सर्वांत जास्त बोललात त्याचं नाव वर लिहायचं आणि कर्ता बदलायची ती पायरी करायची. एवढं पुरतं.

कोणी हे करू नये तेही सांगते, कारण वॉर्डात एकच थेंब सगळ्यांच्या डोळ्यात घालत नाहीत. घरात मार खाणाऱ्या बाईला 'आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ बघ' म्हणणारे मी पाहिलेत. हा शास्त्राचा गैरवापर आहे. तिला झडतीची नाही, आसऱ्याची गरज आहे. मुलाच्या अंगाला कोणी हात लावल्याचं कळलं तर तिथेही कागद घेऊन बसायचं नाही. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मुलांच्या मदतीसाठीच्या 1098 ला फोन लागतो, आणि तो माणूस मंडळीचा कितीही मोठा सेवक असला तरी. मुसळ नंतर शोधा. आणखी एक, काही जीव मुळातच स्वतःला खात बसणारे असतात, दिवसभर टिंबं देत राहतील. त्यांनी पौलाचं दुसरं वाक्य धरावं: मी स्वतःचाही न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे.

आता शेवटचं काम, प्रत्यक्ष जाणं. कुसळ काढताना आम्ही आधी हात धुतो, उजेड बरोबर घेतो, पेशंटला खाली बघायला सांगतो, पापणी उलटवतो, आणि ओल्या कापसाच्या काडीने एकदाच, हलक्या हाताने. त्रेचाळिसाव्या वर्षी मला चाळीशी लागली होती आणि मी चष्मा घ्यायला तयार नव्हते, अंदाजाने काडी फिरवताना बघून डॉक्टर मागून म्हणाले, "सिस्टर, आधी चष्मा, मग पेशंट." मला राग आला होता. त्यांनी मला काम बंद कर म्हटलं नव्हतं हे रागात ऐकूच आलं नाही.

एकट्याने जायचं, मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तसंच आहे: तू आणि तो एकांती असताना. गलतीकरांच्या पत्रात सौम्यतेने ताळ्यावर आणा असं म्हटलंय, आणि तिथला ग्रीक शब्द तोच आहे जो येशूचे शिष्य याकोब आणि योहान होडीत बसून जाळी नीट करत होते तिथे येतो. फाटलेलं जाळं कोणी ओरडून शिवत नाही. आणि जाण्याआधी, जिथे जिथे आपण बोलून आलो तिथे परत जाऊन ते मागे घ्यायचं. त्या तिघींकडे मी गेले. एक म्हणाली, "अहो, मी तर विसरूनही गेले होते." ती विसरली नव्हती. व्यभिचारी स्त्रीच्या गोष्टीत येशू म्हणतो, ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला धोंडा मारावा, आणि तेव्हा आधी म्हातारी माणसं निघून गेली असं योहानाने मुद्दाम लिहिलंय. अडुसष्टाव्या वर्षी ते वाक्य माझ्यासाठीच लिहिलेलं वाटतं.

मुलीकडे गेले ते संध्याकाळी. दारात सलाम केला, चहा नको म्हटलं, मग घेतला. वही सोबत होती पण पिशवीतच ठेवली. आधी नऊ नंबरच्या म्हाताऱ्याचं सांगितलं. मग प्रार्थनासभेत मी काय केलं ते. ती ऐकत राहिली, रडली नाही, उलट तिचा चेहरा कडक होत गेला. म्हणाली, "सिस्टर, ते मला कळलंय. सगळ्यांना कळलंय." त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. माफी मागितली. ती लगेच मिळाली नाही.

बऱ्याच वेळाने तिने स्वतःच 340 चं सांगितलं. लिलावात मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी उत्साहात कोंबडीची बोली लावली, कोंबडी नेली, पैसे दिले नाहीत. मागायची तिची हिंमत झाली नाही. जमेची यादी आधीच पाळकसाहेबांना दिलेली होती, म्हणून खर्चाच्या बाजूला मांडव घालून आकडे जुळवले. "आता काय करू? पान फाडू का?"

मी वही काढली. दवाखान्यात चार्टवर चूक झाली तर ती गिरवायची नाही, पांढरं लावायचं नाही, पान तर कधीच फाडायचं नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही, तारीख, वेळ. तिला पेन दिलं. तिने मांडवावर रेघ मारली, सही केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ टाकली, सहा चाळीस. मग पेन परत देताना म्हणाली, "कोंबडीचे पैसे मागायला तुम्ही याल माझ्याबरोबर?"